पलट्यांचें पुस्तक आणि रागाची वाट

संगीत शिकणाऱ्याच्या हातीं पलट्यांचें पुस्तक आलें, म्हणजे मोठें घबाड मिळाल्यासारखें त्याला वाटतें. मैफलींत ऐन वेळीं तान सुचत नाहीं, ही त्याची खरी अडचण. आणि येथें तर पानोपानीं ताना लिहून ठेवलेल्या! परंतु त्या पाठ केल्यानें ती अडचण दूर होते काय, हें पाहिलें पाहिजे.

स्वरांच्या उलटापालटीचा हिशेब या देशांत फार जुना आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त तो मांडला. प्रत्येक स्वर एकदांच घेतला, तर चार स्वरांच्या २४ रचना होतात, पांचांच्या १२० आणि सातांच्या ५,०४०. या हिशेबाच्या कोष्टकास खंडमेरु म्हणत. गायकांच्या तोंडीं त्याचाच मेरुखंड झाला.

आतां भूप आणि देशकार हे दोन राग घ्यावे. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पांच शुद्ध स्वर. म्हणजे १२० रचनांची एकच यादी दोहोंसही लागू पडते! तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरीं गातात, देशकार सकाळीं. भूपाचा वादी गांधार, देशकाराचा धैवत. केवळ यादी पाठ करून जो गाईल, त्याच्या भूपाचा देशकार केव्हां झाला, हें त्याला कळणारही नाहीं. स्वर किती व कसे फिरवावे हें गणित सांगतें. कोठें थांबावें हें रागच सांगतो.

मग पुस्तक टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. सा, रे, ग, प यांच्या २४ रचनांपैकीं गांधारावर संपणाऱ्या सहाच निघतात. भूप शिकणाऱ्यानें प्रथम त्या सहा सावकाश गाऊन पाहाव्या. ‘सा रे प ग’ रागांत सहज मिसळते. ‘प रे सा ग’ हिशेबांत बरोबर असूनही कानास अडखळते. अशी पारख होऊन जी टिकेल, ती निरनिराळ्या मात्रांपासून उचलून समेवर आणावी. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतील स्वरविस्तारही याच रीतीनें वाचावे, विस्तार ज्या स्वरावर विसावतो, तेथें पेन्सिलीनें खूण करावी.

तंबोरा लागला कीं पुस्तक मिटावें. एका बैठकीस एकच रचना पुरे; ती गुरूच्या कानावर घालावी. महिन्याभरानें गातांना ती न बोलावतां आली, म्हणजे ती गाणाऱ्याची झाली असें समजावें.