बंडूचं नवं बिऱ्हाड

नव्या नवरीनं माप ओलांडून घरात पाऊल टाकलं, की आधी काय होतं? तिला पाणी विचारण्यापूर्वीच 'नाव घे, नाव घे' असा गलका सुरू होतो. जागरणानं आणि माहेर सुटल्याच्या दुःखानं बिचारीच्या घशाला कोरड पडलेली असते. पण उखाणा घेतल्याशिवाय सुटका नाही! गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या मुलुंडच्या घरी बंडू आला, तेव्हा आम्हीही नेमकं हेच केलं.

बंडू हा पोपट. आपल्या ओळखीचा हिरवा राघू नव्हे. राखाडी अंगाचा, लालभडक शेपटीचा, काळ्या चोचीचा आफ्रिकन ग्रे. तो माझ्या माहेरचा. घाटकोपरच्या पंतनगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काका-काकूंनी त्याला सतरा वर्षं सांभाळलं होतं. काकू गेल्या, त्याला आता चार वर्षं झाली. पुढं इमारत पुनर्विकासाला गेली आणि काकांना मुलीनं बंगळूरला बोलावून घेतलं. पण नातवाला दम्याचा त्रास. या जातीच्या पोपटाच्या पिसांतून पिठासारखी बारीक पूड सतत झडत असते. डॉक्टरांनी स्पष्टच नाही म्हटलं. "तुझ्याकडे राहील का गं?" असं काकांनी विचारलं, तेव्हा त्यांचा आवाज ऐकून मला नाही म्हणवलं नाही.

बंडू पंतनगरात फार बोलका होता. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, काकांचा खोकला यांची हुबेहूब नक्कल करायचा. त्यामुळे आमच्याकडे तो येणार म्हटल्यावर मजल्यावरची सगळी पोरं जमली. पिंजरा हॉलच्या मध्यभागी, टीव्हीशेजारी ठेवला होता. "बोल ना रे बंडू", "मिठू मिठू म्हण", "शिट्टी वाज ना" असा तासभर घोष चालला होता. बंडू पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. कुणी जवळ गेलं, की घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढायचा. दोन दिवस त्यानं अन्नाला जेमतेम चोच लावली. पाचव्या दिवशी सकाळी पिंजऱ्याखालच्या कागदावर राखाडी पिसांचा पुंजका पडलेला दिसला. रात्रीतून त्यानं स्वतःच्याच छातीवरची पिसं उपटली होती.

माझ्या काळजात चर्र झालं. काकांनी विश्वासानं जीव हाती दिला आणि आठवड्याच्या आत ही दशा!

पक्ष्यांची माहिती असलेल्या एका पशुवैद्यांकडे त्याला घेऊन गेलो. त्यांनी वजन केलं, विष्ठा तपासली, रक्त तपासायला पाठवलं. पिसं उपटण्यामागे त्वचेचा विकार, यकृताचं दुखणं, निकस आहार असं काहीही असू शकतं, म्हणून ते आधी पाहायचं. सगळे अहवाल हाती आल्यावर ते म्हणाले, "पक्षी आजारी नाही. भेदरलेला आहे. पिंजरा घरात कुठं ठेवलाय?" मी सांगितलं. ते हसले. "म्हणजे चारही बाजूंनी माणसं, डोक्यावर गरगरणारा पंखा आणि समोर उघडमीट होणारं दार. तुम्ही तरी झोपाल का अशा जागी?"

मग त्यांनी जे समजावलं, त्यानं माझे डोळे उघडले. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या संगतीत वाढला. पोपट मात्र आजही मनानं रानातलाच. तो शिकार करणारा पक्षी नाही, शिकार होणारा आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलांत हे ग्रे थव्यानं राहतात. थव्यातला एकजण ससाणा पाहतो आणि सगळे उडतात. एकट्या पडलेल्या पोपटाला पहारा देणारं कुणी नसतं. बंडूचा थवा म्हणजे काका. तो थवा एका दुपारीत नाहीसा झाला. आणि आम्ही त्याच्याकडे टक लावून पाहत होतो. शिकारी जसा दोन्ही डोळे रोखून पाहतो, तसं.

घरी आल्यावर हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "यासाठी डॉक्टर कशाला हवा? मी वेंगुर्ल्याहून लग्न होऊन गिरगावात आले, तेव्हा तीन महिने धड बोलले नव्हते. घरातली सगळी विचारायची, मुकी आहे का? एक तुझ्या आजेसासूबाईच काही विचारायच्या नाहीत. शेजारी बसून तांदूळ निवडायच्या. मी आधी बोलले ती त्यांच्याशीच."

त्या दिवसापासून बंडूचा ताबा सासूबाईंनी घेतला.

पिंजरा त्यांच्या खोलीतल्या कोपऱ्यात गेला. पाठीमागे भिंत, एका बाजूला अर्धी चादर, म्हणजे भीती वाटली की लपायला जागा. दांडी आमच्या डोळ्यांच्या पातळीला. खिडकीजवळ, पण थेट खिडकीत नाही. कारण बाहेरून घार दिसली, की पोपटाला पळायला वाट नसते. पिंजरा जुनाच ठेवला, वाट्या जुन्याच, झाकायचं कापडही काकूंच्या जुन्या साडीचंच. मला ते धुवावंसं वाटत होतं. सासूबाईंनी धुऊ दिलं नाही. सगळं एकदम बदललं, तर ओळखीचं काय उरणार?

खाण्याचंही तेच. पंतनगरात तो सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाण्यांवर वाढला होता. त्यात चरबी फार आणि कॅल्शियम कमी, आणि ग्रे पोपटांना कॅल्शियमची कमतरता चटकन जाणवते. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की पहिले काही आठवडे जुनंच अन्न द्या. घाबरलेला पक्षी अनोळखी अन्नापुढं उपाशी बसून राहील. मग हळूहळू एका बाजूला शेवग्याचा पाला, उकडलेला मका, भोपळी मिरची, गाजर, मोड आलेले मूग ठेवायला लागलो. बिया हळूहळू कमी केल्या. पेरूला त्यानं अकराव्या दिवशी चोच लावली. ती तारीख आमच्या मुलीनं कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

संध्याकाळी साडेसातला कापड टाकायचं, सकाळी साडेसहाला काढायचं, यात एक दिवसही खंड नाही. पोपटाला दहा-बारा तासांची शांत झोप लागते. रात्री अकरापर्यंत मालिका बघणाऱ्या घरात ती कुठून मिळायची? आमच्या घरातला टीव्हीचा आवाज बंडूमुळे निम्मा झाला. हा फायदा आम्हांलाच.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काही मागायचं नाही. सासूबाई त्याच्याकडे पाठ नव्हे, पण कूस करून बसत आणि वर्तमानपत्र हळू आवाजात वाचत. अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. उठताना डाळिंबाचे चार दाणे वाटीत टाकून निघून जात. तो खातो का, हे बघायलाही थांबत नसत. तीन आठवड्यांनी त्या अजून खोलीत असतानाच त्यानं दाणा उचलला. दीड महिन्यानं बोटांतून घेतला. मग एक काठी, काठीनंतर हात. तो मागे सरकला, अंग बारीक केलं, डोळ्यांतली बाहुली भरभर लहान-मोठी होऊ लागली, की आपण थांबायचं. एका पायावर बसून पिसं फुलवून चोच करकर घासत असला, तर समजायचं, की स्वारी खुशीत आहे.

या कामी एका जगप्रसिद्ध पोपटाचाही आम्हांला उपयोग झाला. अमेरिकेतल्या संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली एक ग्रे पोपट दुकानातून विकत घेतला. त्याचं नाव ॲलेक्स. २००७ साली तो गेला, तोवर शंभराहून अधिक शब्द शिकला होता. रंग, आकार ओळखायचा, सहापर्यंत वस्तू मोजायचा. त्याला शिकवायची त्यांची रीत मोठी गमतीची होती. पोपटाला समोर बसवून घोकून घ्यायचं नाही. दोन माणसांनी त्याच्यादेखत एकमेकांशी बोलायचं, वस्तू द्यायची-घ्यायची. पोपटाला आपणहून त्यात यावंसं वाटतं. आमच्याकडे आजी नातीला मक्याचा दाणा द्यायची, नात "छान आहे" म्हणायची. बंडू मान तिरकी करून बघायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो दांडीवरून सरकत सरकत पुढं आला. आपल्यालाच का वगळलंय, असा त्याचा एकूण चेहरा!

घरातही बरेच फेरफार करावे लागले. बंडू पिंजऱ्याबाहेर असताना पंखा बंद, हा पहिला कायदा. मुंबईच्या उकाड्यात तो पाळणं सोपं नाही, पण पंख्याच्या पात्यानं किती पोपटांचे जीव गेले असतील! नॉनस्टिकचा तवा मी काढून टाकला. तो जास्त तापला, की त्यातून निघणाऱ्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. डासांची कॉइल आणि उदबत्तीचा धूर त्याच्या खोलीत नाही. चॉकलेट आणि ॲव्होकाडो तर विषच. दिवाळीच्या चार रात्री खिडक्या बंद करून, मंद दिवा लावून सासूबाई त्याच्याजवळ बसून राहिल्या.

आता एक कबुली. लहानपणी पंतनगरात आमच्याकडेही हिरवा राघू होता. क्रॉफर्ड मार्केटातून वडिलांनी आणलेला, पंख कापलेला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची खायचा. त्याच्या मनात काय असेल, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेल्या बंदीमुळे तो राघू पाळणं आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आजही कुणाच्या घरी असा राघू असेल, तर त्याला खिडकीतून सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्याला ना उडण्याचं बळ असतं, ना दाणा शोधण्याची अक्कल. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवावं. परदेशी पोपटांचंही आता मोकाट राहिलेलं नाही. बेसुमार पकडल्यामुळे ग्रे पोपट रानातून इतके घटले, की २०१६ साली जोहान्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांच्या व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध घालण्याचं ठरलं. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी बाळगणाऱ्यानं सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची असते, आणि तो दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवायचं असतं. बंडू काकांच्या एका स्नेह्याच्या घरीच जन्मलेला; पिंजऱ्याबरोबर काकांनी त्याच्या कागदांची फाइलही दिली होती. आम्ही आमची नोंद केली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर नसते. नीट सांभाळलेला ग्रे पोपट चाळीस-पन्नास वर्षंही जगतो. पन्नाशीत पोपट आणणाऱ्यानं हा हिशेब मांडायलाच हवा. आपल्यामागे याचं कोण, हे पिंजरा विकत घेतानाच ठरवायला हवं. नाहीतर म्हातारपणी बिऱ्हाड बदलणं पोपटाच्या नशिबी लिहिलेलंच. मी आता माझ्या मुलीला विचारून ठेवलं आहे. ती हो म्हणाली; पण चौदा वर्षांच्या मुलीचं हो किती धरायचं, हे मलाही कळतं.

आमच्या घराच्या पश्चिमेला डोंगर आहे. त्यामागे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. संध्याकाळी हिरव्या पोपटांचे थवे कलकलाट करत खिडकीवरून जातात. सुरुवातीला बंडू ते ऐकून गप्प व्हायचा. ऑक्टोबरात एके संध्याकाळी थवा गेला आणि बंडूनं एक शीळ घातली. थव्याला ती ऐकू गेली नसेल. सासूबाईंनी तशीच शीळ परत घातली. बहात्तराव्या वर्षी त्यांना शीळ घालताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं! रानात पोपट एकमेकांना अशीच साद देतात. तिचा अर्थ एवढाच: 'मी इथं आहे, तू आहेस ना?'

काका दर रविवारी फोन करतात. "खातो ना नीट?" एवढंच विचारतात. बोलतो का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही फोनवर होतो, फोन स्पीकरवर होता. काकांचा आवाज ऐकून बंडूनं मान वर केली आणि स्वच्छ, काकूंच्या आवाजात म्हणाला, "अहो, चहा झालाय."

खोलीत कुणी काही बोललं नाही. पलीकडून क्षणभर काहीच आलं नाही. मग काका, सवयीनं बोलावं तसं, हळूच म्हणाले, "आलो, आलो."

बंडूच्या छातीवरची बरीच पिसं परत आली आहेत. सगळी येतील असं नाही, असं डॉक्टर म्हणतात. मुळापासून वारंवार उपटलेली पिसं काही वेळा उगवतच नाहीत. तेवढा टक्कल पडलेला तुकडा त्याच्या अंगावर राहील. कधी पाहुण्यांचा गोतावळा जमला, की तो अजूनही मागच्या कोपऱ्यात जातो, आणि आम्ही चादर थोडी पुढं ओढतो. पाहुणे म्हणतात, "पोपट बोलतो म्हणे तुमचा! बोलायला लावा की."

सासूबाई म्हणतात, "त्याला वाटेल तेव्हा बोलेल. तुम्ही आधी चहा घ्या."