छपराखालची टाकी आणि मागूर

गोठ्याशेजारी छपराखाली सिमेंटची टाकी असेल, तर तीत देशी मागूर पाळता येतो. हा मिशाळ मासा पाण्यावर येऊन हवाही घेतो, म्हणून थोड्या पाण्यात तगतो. काठ पाण्यावर हातभर उंच ठेवा व वर जाळी बांधा. ओल्या जमिनीवरून तो सरपटत निघून जातो. खाद्य संध्याकाळी द्यावे, उरलेले सकाळी काढावे. थंडीत त्याची भूक मंदावते, तेव्हा खाद्य कमी करा. मोठे मासे लहानांना खातात, म्हणून ते निराळे ठेवा.

पण खरी मेख बीजात आहे. 'झपाट्याने वाढतो' असे सांगून थाई मागूर गळ्यात मारला जातो. मूळचा आफ्रिकेतील हा मासा मीटरभराहून लांब होतो. भारतात २००० सालापासून त्याच्या पालनाला बंदी आहे; २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करण्याचा आदेश दिला. ओढ्यात शिरला, तर तो आपले गावठी मासे फस्त करतो. तपासणीत सापडला, तर टाकीही रिकामी आणि खिसाही!

म्हणून बोटुकली घेण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा, जातीचे नाव लिहिलेली पावती घ्या, मगच टाकीत पाणी भरा.