कुंपणावरचे काळे फळ

व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतले (१८३७ ते १९०१) इंग्लंड समजून घ्यायला आपण रेल्वे, गिरण्या, साम्राज्य यांकडे वळतो. मी ब्लॅकबेरीकडे वळलो. काटेरी जाळीला लागणारे, आधी हिरवे, मग लाल आणि शेवटी काळेभोर होणारे हे रानफळ. त्याला माळी लागत नाही, दामही पडत नाही.

ही जाळी वाढते शेतांच्या कुंपणांत. गावाची सामायिक कुरणे संसदेच्या कायद्यांनी खासगी झाली, त्यांभोवती काटेरी झुडपांची कुंपणे उभी राहिली आणि त्यांतच ब्लॅकबेरी माजली. ज्या कुंपणाने गरिबाची गाय बाहेर काढली, त्यानेच त्याच्या पोरांना मूठभर फळे दिली.

सप्टेंबर उजाडला की पोरे डबे-टोपल्या घेऊन निघत. शाळा ओस पडत. १८६२च्या नियमावलीनुसार मुख्याध्यापकांना शाळेची रोजनिशी ठेवावी लागे. खेड्यांतल्या अशा रोजनिश्यांत ‘मुले ब्लॅकबेरी वेचायला गेली’ ही तक्रार पुनःपुन्हा भेटते. त्या तक्रारीमागे पैसा होता, कारण सरकारी अनुदान हजेरीवर आणि परीक्षेच्या निकालावर ठरे. १८८०मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, तरी कुंपणांची ओढ सुटली नाही. विकलेल्या फळांचे चार पैसे घरात हवेच असत.

हंगामाला लोकसमजुतीची मर्यादा होती. २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणानंतर सैतान या फळांवर थुंकतो, म्हणून ती खाऊ नयेत, असे म्हणत. शरदाच्या ओलीत उशिराची फळे पाणचट होतात, बुरशी धरतात. समजुतीत अनुभव मुरलेला होता. मग फळ टिकवायचे कसे? साखरेवरचा कर १८७४मध्ये रद्द झाला, साखर स्वस्त झाली आणि मजुराच्या पावावर मुरंबा आला.

श्रीमंतांच्या घरी हेच फळ खोटे होऊन शिरले. काचेच्या घुमटाखाली मेणाची फळे सजली, टोप्यांवर कृत्रिम ब्लॅकबेरीचे घोस डोलू लागले. मॉरिस आणि कंपनीसाठी केट फॉकनरने १८७९मध्ये ‘ब्रॅम्बल’ नावाचा भिंतीचा कागद रेखाटला. त्यातल्या जाळीला हात लावला तर ओरखडा उठत नाही. केट ग्रीनवेच्या १८८४च्या फुलांच्या भाषेवरील पुस्तकात मात्र हीच जाळी दीनता, मत्सर आणि पश्चात्ताप यांची खूण आहे.

साहित्यात तिची दोन रूपे मला महत्त्वाची वाटतात. क्रिस्टिना रोझेटीच्या ‘गॉब्लिन मार्केट’मध्ये (१८६२) पिशाच्चे विकायला आणतात त्या फळांत ब्लॅकबेरीही आहे. लॉराकडे पैसे नाहीत. ती त्या फळांसाठी आपल्या सोनेरी केसांची बट देते. रानात फुकट मिळणाऱ्या फळालाही बाजारात केवढी किंमत पडते! एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या ‘ऑरोरा ली’त साध्या झुडपातही ईश्वराचा अग्नी पेटलेला आहे, ज्याला तो दिसतो तो पायांतले जोडे काढतो, बाकीचे भोवती बसून ब्लॅकबेरी तोडतात.

ओळी सुंदर आहेत, पण मला त्या ‘बाकीच्यां’ची बाजू घ्यावीशी वाटते. शाळा बुडवून, हात ओरबाडून घेऊन फळे वेचणाऱ्या पोराला झुडपात देव दिसला नसेल. रात्रीची भाकर दिसली असेल. कवितेने त्याला आंधळे ठरवले, शाळेने गैरहजर. मला तरी त्या युगाचा खरा हिशेब त्या गैरहजेरीच्या नोंदींतच सापडतो.