निवडक ऑक्सिडीभवन आणि 'रेणुचाळणी' ही संज्ञा

१७५६ साली स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट याने, तापविल्यावर फसफसणाऱ्या एका खनिजास 'झिओलाइट', म्हणजे उकळणारा दगड, असे नाव दिले. भिवंडीपासून पुण्यापर्यंत व त्याहीपलीकडे पसरलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट इत्यादी झिओलाइटे आढळतात. उत्प्रेरक म्हणून वापरली जाणारी झिओलाइटे मात्र बहुतांशी कृत्रिम असून, त्यांतील सूक्ष्म व एकसारख्या मार्गांमुळे त्यांस 'रेणुचाळणी' असे म्हणतात. संज्ञा सुबोध आहे. परंतु हलक्या हायड्रोकार्बनांच्या निवडक ऑक्सिडीभवनाचा विचार करताना ती विद्यार्थ्याची दिशाभूल करू शकते. चाळणी आकार निवडते. येथे प्रश्न क्रिया मध्येच थांबविण्याचा आहे.

मिथेन जाळणे सोपे. त्याचे मिथेनॉल करून तेथेच थांबणे दुष्कर. मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास दर मोलास सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर मिथेनॉलमधील तसाच बंध सुमारे ४०२ किलोज्यूलमध्ये तुटतो. म्हणजे जो पदार्थ हवा, तोच मूळ पदार्थापेक्षा अधिक सहज नष्ट होतो. म्हणून 'रूपांतर' व 'निवडकता' यांत भेद करावा लागतो. मिथेनच्या १०० रेणूंपैकी ५ बदलले आणि त्यांतील ४ मिथेनॉल झाले, तर रूपांतर ५ टक्के, निवडकता ८० टक्के.

ही निवडकता कोठून येते? इटलीत सिद्ध झालेल्या व १९८३ साली एकस्व मिळालेल्या टीएस-१ या पदार्थात सिलिकेच्या सांगाड्यातील काही सिलिकॉन अणूंच्या जागी टायटॅनियमचे अणू एकएकटे बसलेले असतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमधील ऑक्सिजनचा एक अणू अशा केंद्रावरून हायड्रोकार्बनास दिला जातो. प्रॉपिलिनापासून याच रीतीने प्रॉपिलीन ऑक्साइड बनविण्याचा कारखाना २००८ मध्ये दक्षिण कोरियातील उल्सान येथे सुरू झाला. तेथील मुख्य उपपदार्थ पाणी होय. आता हेच टायटॅनियम सांगाड्याबाहेर पडून त्याचे ऑक्साइड साचले, तर मार्ग खुले असले तरी पेरॉक्साइड व्यर्थ विघटित होते. चाळणी शाबूत राहते, गुण जातो.

दुसरा पुरावा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील आहे. तेथे १९९० च्या सुमारास टायटॅनियमयुक्त टीएस-२ आणि पुढे त्याच रचनेचे व्हॅनेडियमयुक्त सिलिकेट यांचा अभ्यास झाला. सरळ साखळीच्या अल्केनांत टायटॅनियम मधल्या कार्बनांवर क्रिया घडविते. व्हॅनेडियम टोकाच्या कार्बनावरही ती घडविते. सांगाडा एकच, धातू निराळा, म्हणून फल निराळे.

याचा अर्थ मार्गांची रुंदी निरर्थक आहे असा नव्हे. टीएस-१ मधील मार्ग सुमारे ०·५५ नॅनोमीटर रुंदीचे असल्याने मोठे रेणू बाहेरच राहतात. शिवाय त्याचे अंतरंग जलविरोधी असल्यामुळे पाण्याच्या सान्निध्यातही हायड्रोकार्बनास आत वाव मिळतो. पण मार्ग प्रवेश ठरवितो. क्रिया कोठे घडावी व कोठे थांबावी, हे मुख्यतः धातूचे केंद्र ठरविते. तांबेयुक्त झेडएसएम-५ वर मिथेनपासून झालेले मिथेनॉल केंद्राशी बद्ध राहिल्यानेच वाचते आणि पाण्याने वा अन्य द्रावकाने ते सोडवून घ्यावे लागते.

तेव्हा 'रेणुचाळणी' ही संज्ञा रेणूंच्या विलगीकरणापुरती ठेवावी. ऑक्सिडीभवनाच्या विवेचनात 'सांगाड्यातील एकाकी धातुकेंद्र' हा काहीसा लांब शब्दप्रयोगच अधिक यथार्थ होय. कारण तो वाचणारा विद्यार्थी छिद्राची रुंदी विचारण्यापूर्वी धातूची अवस्था विचारील.