तंबाखूचा पाइप : हात काय शिकतो आणि शरीर काय शिकते

इ. स. १६०४ च्या सुमारास असद बेग नावाचा मोगल सरदार विजापूरच्या आदिलशाही दरबारातील कामगिरी आटोपून आग्र्यास परतला. अकबर बादशहास नजर करण्यासाठी त्याने दक्षिणेतून अनेक दुर्मिळ वस्तू आणल्या होत्या. त्यांत थोडी तंबाखू आणि ती ओढण्याची एक रत्नजडित लांब नळी होती. पोर्तुगीज व्यापारामुळे दक्षिणेत तंबाखू रुळू लागली होती. मोगल दरबारास मात्र ती नवीन होती. बादशहाने कुतूहलाने नळी तोंडास लावून दोनतीन झुरके घेतले, तोच राजवैद्याने त्यास थांबविले. या वनस्पतीविषयी आमच्या वैद्यकग्रंथांत काहीच लिहिलेले नाही, तेव्हा तिचे गुणदोष कसे सांगावे, अशी त्याची अडचण होती. असद बेगने प्रतिवाद केला की, प्रत्येक वस्तू केव्हा तरी नवीनच असते आणि युरोपातील जाणत्या लोकांनी ही पारखून घेतली असलीच पाहिजे. बादशहास हा युक्तिवाद पसंत पडला; तथापि त्याने स्वतः तंबाखूची सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र ती मागून मागून नेली. हा सर्व वृत्तांत असद बेगनेच लिहून ठेवला आहे.

राजवैद्याचा प्रश्न रास्त होता. पाइप प्रथमच हाती घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेमके काय घडते, याचे उत्तर त्या काळी कोणापाशीही नव्हते. आज ते बऱ्याच अंशी देता येते. नवशिक्याचे शिक्षण एकाच वेळी दोन प्रकारे चालते. एक शिक्षण हाताचे व ओठांचे असते; ते त्यास कळत असते. दुसरे शरीराचे असते. ते त्याच्या नकळत होते.

पाइप : एक लहानशी भट्टी

पाइपाचे मुख्य भाग तीन : तंबाखू भरावयाची खोलगट वाटी, तिला जोडलेली पोकळ दांडी आणि दातांत धरावयाचे टोक. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस पाइप भाजलेल्या पांढऱ्या मातीचे करीत. ते स्वस्त, पण ठिसूळ असत व हातास चटका देत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्सच्या जुरा पर्वतभागातील सेंट क्लोद या गावी ब्रायरचे पाइप होऊ लागले आणि हे लाकूड सर्वांत लोकप्रिय ठरले.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाचे, 'एरिका आर्बोरिया'चे, लाकूड. या झुडपाच्या खोडाचे मूळ जेथे सुरू होते तेथे जमिनीलगत एक कठीण गाठ वाढते. रानास वणवा लागून वरचे झुडूप जळून गेले, तरी या गाठीतून पुन्हा कोंब फुटतात. हे लाकूड घट्ट असून त्यात सिलिकेचा अंश असतो. म्हणून ते उष्णता सोसते व सहसा पेट घेत नाही. गाठी कापून कित्येक तास पाण्यात उकळतात, मग सावकाश वाळवतात आणि नंतर त्यांतून पाइप कोरतात.

तरीही नवा पाइप नाजूकच असतो. वापराने वाटीच्या आत कोळशाचा पातळ थर बसतो आणि लाकडास विस्तवापासून वाचवितो. हा थर फार जाड होऊ दिल्यास तो लाकडापेक्षा अधिक प्रसरण पावून वाटीस तडा पाडू शकतो. म्हणून तो वेळोवेळी खरवडावा लागतो.

विस्तव राखण्याची कला

नवशिक्यास पहिली अडचण येते ती तंबाखू भरण्याची. फार दाबून भरली तर हवा आत शिरत नाही व विस्तव गुदमरतो. फार सैल भरली तर ती भराभर जळून वाटी तापते. म्हणून ती थराथराने भरतात : तळाशी अगदी हलक्या हाताने, मध्ये किंचित दाबून आणि वर थोडी अधिक दाबून. जुने पाइपवाले याचे वर्णन असे करीत की, पहिला थर लहान मुलाच्या हाताने, दुसरा स्त्रीच्या आणि तिसरा पुरुषाच्या हाताने भरावा.

पहिल्या काडीने वरची तंबाखू पेटते, फुगते आणि वर उचलली जाते. ती लहानशा ठासणीने हलकेच बसवून पुन्हा पेटवावी लागते. त्यानंतरचा सारा खेळ श्वासाच्या लयीचा असतो. प्रत्येक झुरक्यासरशी हवा निखाऱ्यातून खेचली जाते, त्यास प्राणवायू मिळतो व तो धगधगतो. झुरके लवकर लवकर घेतले तर तंबाखूतील ओलावा वाफ होऊन तोंडात येतो. गरम वाफ आणि धुरातील तिखट द्रव्ये यांमुळे जीभ चरचरते. ही पोळलेली जीभ नवशिक्याची ठरलेली खूण होय. झुरके फार विलंबाने घेतले तर निखारा विझतो आणि पुन्हा काडी ओढावी लागते.

या कौशल्याच्या स्पर्धाही होतात. प्रत्येक स्पर्धकास तीन ग्रॅम तंबाखू व दोन काड्या देतात. ज्याचा पाइप सर्वांत अधिक वेळ तेवत राहील तो विजयी. विक्रमी स्पर्धकांनी एवढ्याशा तंबाखूवर तीन तासांहून अधिक काळ विस्तव राखला आहे.

येथवरचे शिक्षण लोहाराच्या अथवा कुंभाराच्या शिक्षणासारखे आहे : हवा, इंधन आणि उष्णता यांचा मेळ साधणे. परंतु एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. लोहाराच्या भट्टीचा धूर धुराड्यातून बाहेर जातो. पाइपाचे धुराडे ओढणाऱ्याच्या तोंडात उघडते. शिवाय मंद विस्तव म्हणजे स्वच्छ विस्तव नव्हे. धुमसणाऱ्या विस्तवात ज्वलन अपुरे राहते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि डांबरासारखी चिकट द्रव्ये निर्माण होतात. हात कितीही तयार झाला तरी ती टळत नाहीत.

'तंबाखू लागते' तेव्हा काय होते?

पाइपाच्या पहिल्या अनुभवात अनेकांस घाम सुटतो, तोंड पांढरे पडते, गरगरते, मळमळते आणि कित्येकदा उलटीही होते. मराठीत यास 'तंबाखू लागली' असे म्हणतात. हा अनुभव दुबळेपणाचे लक्षण नसून ती सौम्य विषबाधा असते.

हे विष निकोटीन होय. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट व राइमान या दोघांनी १८२८ साली ते तंबाखूपासून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. लिस्बन येथील फ्रेंच वकील झां निको याने १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रान्सच्या राजदरबारी पाठविली होती. त्याच्या नावावरून या वनस्पतीस व पुढे या द्रव्यास नाव मिळाले. तंबाखूचे झाड निकोटीन मुळांत तयार करते व पानांत साठविते. पाने कुरतडणाऱ्या किड्यांपासून संरक्षण, हा झाडाच्या दृष्टीने त्याचा उपयोग. एके काळी शेतकरीही ते कीटकनाशक म्हणून फवारीत असत.

कीटकाचे विष मनुष्यास का बाधावे? केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँग्ले यांनी स्नायूंवर निकोटीनचे प्रयोग केले आणि १९०५ साली असा निष्कर्ष मांडला की, पेशींमध्ये अशा द्रव्यांस प्रतिसाद देणारा काही 'ग्राही पदार्थ' असला पाहिजे. पुढे हे अनुमान खरे ठरले. मज्जातंतूंचे निरोप पोचविणारे ॲसिटिलकोलीन नावाचे एक द्रव्य शरीरातच तयार होते आणि ते या ग्राहींवर बसून आपले काम करते. निकोटीन हे त्याच कुलपास लागणाऱ्या दुसऱ्या किल्लीसारखे आहे. ते रक्तात मिसळले की कोणी न पाठविलेले निरोप शरीरभर जाऊ लागतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि मेंदूच्या तळाशी असलेले, रक्तातील विषांची चाहूल घेणारे केंद्र उलटीचा इशारा देते.

शरीराचे शिक्षण

काही दिवस पाइप ओढीत राहिल्यास मळमळ थांबते. नवशिक्यास वाटते, आता आपण शिकलो. वस्तुतः येथे शरीर शिकलेले असते. वारंवार निकोटीन आल्यामुळे ग्राही काही काळ बधिर होतात, त्यांची संख्या वाढते आणि मेंदू निकोटीन गृहीत धरून आपला तोल सांभाळू लागतो. निकोटीनमुळे मेंदूत डोपामीन हे द्रव्यही स्रवते आणि त्यामुळे ज्या कृतीनंतर ते स्रवले ती पुनःपुन्हा करण्याची ओढ दृढ होते.

रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते. मग निकोटीनच्या आधाराने साधलेला तोल ढळू लागतो : चित्त लागत नाही, चिडचिड होते, अस्वस्थ वाटते. हीच तलफ. पाइप पेटविताच ती शमते आणि पाइपाने मन शांत केले असे माणसास वाटते. परंतु त्या अशांततेचा पुष्कळसा भाग मागच्या पाइपानेच निर्माण केलेला असतो. प्रारंभी जी तंबाखू 'लागत' होती, तिचीच आता तलफ येते. विषाचा इशारा बंद झाला, पण विष तेच राहिले.

धूर गिळला नाही तर?

पाइप ओढणारे बहुधा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवून सोडतात. म्हणून पाइप निरुपद्रवी, असा समज फार दिवस होता. यात रसायनशास्त्राचा एक मुद्दा दृष्टिआड होतो. सिगारेटचा धूर सामान्यतः किंचित आम्लधर्मी असतो. अशा धुरातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून फारसे शोषले जात नाही. पाइपाच्या तंबाखूचा धूर पुष्कळदा अल्कधर्माकडे झुकतो. त्यातील निकोटीन मुक्त रूपात राहून गालांच्या व जिभेच्या अस्तरातून सरळ रक्तात उतरते. धूर तोंडातून परत गेला, तरी निकोटीन परत जात नाही.

धुरातील इतर द्रव्ये ओठ, जीभ व घसा यांवर बसतात. पाइप ओढणाऱ्यांत ओठाचा कर्करोग आढळतो, हे जर्मन वैद्य सोमरिंग यांनी १७९५ सालीच नमूद केले होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ मधील अहवालाने पाइप आणि ओठाचा कर्करोग यांतील कार्यकारणसंबंध मान्य केला. अमेरिकेत एक लाखाहून अधिक पुरुषांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, केवळ पाइप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण तंबाखू न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाच पट होते. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे प्रमाण तर याहूनही अधिक होते. एकंदरीने सिगारेटपेक्षा हा धोका कमी आढळला, परंतु तो धोकाच होता. आपल्याकडील चिलीम, विडी व हुक्का यांची घडण निराळी असली, तरी त्यांत जळणारी वनस्पती तीच आहे.

राजवैद्यास उत्तर

असद बेगचे अर्धे म्हणणे खरे होते : एखादी वस्तू केवळ जुन्या ग्रंथांत नाही म्हणून ती टाकून देणे शास्त्रीय नव्हे. परंतु दुसऱ्यांनी ती स्वीकारली म्हणून ती पारखलेली आहे, असे मानणेही शास्त्रीय नव्हे. युरोपातील लोकांनी तंबाखू पारखली नव्हती. त्यांस तिची सवय झाली होती, एवढेच. ज्या सुमारास आग्र्यास हा वाद झाला, त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली. १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखू ओढण्यास मनाई केली. दोघांचाही उपयोग झाला नाही, कारण तोवर असंख्य शरीरे हे शिक्षण घेऊन बसली होती.

पारख व्हावयास साडेतीन शतके लागली. आज भारतात अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यामागे हीच पारख उभी आहे. तरुण वयात मेंदूची घडण चालू असते व असे शिक्षण लवकर मुरते. विस्तव राखण्याची कला हात काही आठवड्यांत शिकतो आणि सोडून दिल्यास विसरतोही. शरीराने घेतलेला धडा विसरावयास मात्र पुष्कळांस वर्षे लागतात. वैद्यकीय साहाय्याने तो विसरता येतो, हेही तितकेच खरे आहे. तथापि पहिल्याच झुरक्यास शरीर जो इशारा देते, त्याचा अर्थ ज्यास कळला, त्याच्यावर हा धडा विसरण्याची वेळच येत नाही.