एक जमलं की बाकीच्यांना सुट्टी

मंगळवार पेठेतून बोलतोय. आजचा प्रश्न: जावात तीन मेथड ओळीनं बोलवायच्या, पण एक यशस्वी झाली की पुढच्या चालायला नकोत. कसं करायचं?

आपल्या पंचगंगेचं उदाहरण घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. समजा, ३९ फूट झाले की एका घराला कळवायचंय. आधी व्हॉट्सॲप, ते नाही गेलं तर एसएमएस, तोही नाही तर फोन. प्रत्येक मेथड ट्रू किंवा फॉल्स देते. तिन्ही कॉल त्याच क्रमानं दोन उभ्या रेघांनी, म्हणजे || नं जोडा. पहिलं ट्रू मिळालं की जावा उजवीकडं बघतच नाही.

एकच रेघ टाकली तर? उत्तर तेच येतं, पण तिन्ही मेथड चालतात. मेसेज मिळालेल्या माणसाला मध्यरात्री फोनही जातो.

आणि एक्सेप्शन म्हणजे फॉल्स नव्हे बरं का! व्हॉट्सॲपच्या मेथडमधून एक्सेप्शन बाहेर पडलं, तर एसएमएसची पाळीच येत नाही. पुराच्या रात्री हे परवडणारं नाही. म्हणून ते आतच पकडा, लॉगमध्ये लिहा आणि फॉल्स द्या.