गोळ्या सरकारी, भाकर घरची. हिशेब मात्र एकाच वहीत हवा

पैसा फंड काच कारखान्याचे गाव म्हणून तळेगाव दाभाडे कामगारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आज सकाळी येथील चाकण रस्त्यावर उभे राहिले की कंपन्यांच्या बसगाड्या आणि हातात डबे घेतलेले कामगार यांचीच गर्दी दिसते. मराठवाडा, विदर्भ, खानदेश सोडून आलेली आपली कितीतरी मुले एकेका खोलीत चार-चार जण राहतात. त्यातल्या एकाला खोकला लागला तर बाकीच्या तिघांचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका कुटुंबात पोहोचलो.

घरचा कर्ता माणूस चाकणला ठेकेदाराकडे कामाला. महिनाभर खोकला, संध्याकाळी ताप. सरकारी दवाखान्यात बेडका तपासला आणि क्षयरोग निघाला. औषध फुकट सुरू झाले, पण काम बंद आणि कामाबरोबर पगारही बंद. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, गोळ्या फुकट आहेत हो, पण रिकाम्या पोटी घेतल्या की यांना मळमळतं. पोट कशानं भरू?"

बंधू-भगिनींनो, सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. रोग दवाखान्याचा आणि भूक घरची, अशी वाटणी कागदावर होते. शरीर मात्र एकच असते.

सरकारने ही गोष्ट मान्य केली आहे. 2012 साली क्षयरोग्याची नोंद करणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी देशभरच्या नोंदींसाठी 'नि-क्षय' ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक रोग्याला तिच्यात एक क्रमांक मिळतो. तपासणी, औषध, घरातल्यांची चौकशी हे सारे त्या क्रमांकाखाली लिहिले जाते. तळेगावचा कामगार गावी परतला तरी त्याची नोंद तिकडच्या दवाखान्याकडे पाठवता येते. एप्रिल 2018 पासून पोषणासाठी महिना 500 रुपये थेट बँक खात्यात देण्याची योजना आली. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 रुपये झाले. म्हणजे औषध आणि अन्न यांचा हिशेब एका वहीत आला.

मग या घरात पैसे का आले नव्हते? कर्ता माणूस म्हणे, "फॉर्म भरलाय, आता नशीब." आम्ही त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. तेथल्या पर्यवेक्षकांनी क्रमांक घालून संगणक उघडला आणि दोन मिनिटांत कारण सापडले. खाते गावाकडच्या बँकेतले होते, वापर नसल्याने बंद पडले होते आणि बँकेने रक्कम परत पाठवली होती. नवे खाते उघडून दिले, आणि काही दिवसांनी पैसे जमा झाले. दोष नशिबाचा नव्हता. कारण यादीत लिहिलेलेच होते, फक्त ते कोणी वाचले नव्हते. त्याच फेरीत वहिनींची आणि दोन्ही मुलांची तपासणी झाली. धाकट्याला आजार नव्हता, पण तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध सुरू झाले.

पोटाला मिळाल्याने खरोखर फरक पडतो का, हेही नोंदी ठेवूनच सिद्ध झाले आहे. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात सुमारे 2800 क्षयरोगी आणि त्यांच्या घरातील 10 हजारांवर माणसांवर 'राशन्स' नावाचा अभ्यास झाला. काही घरांतील प्रत्येक माणसाला दरमहा 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण 39 ते 48 टक्क्यांनी कमी झाले. ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत 5 टक्के वाढले, त्यांना मृत्यूचा धोका बराच कमी राहिला. हे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे वजनकाट्याकडे पाहणे हाही उपचाराचाच भाग झाला.

अशी नोंदवही आपल्या जिल्ह्यालाही नवी नाही. भीमा कोरेगावला आपण सारे जातो. तेथून जवळच वढू येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात ते काम उभे केले. 2002 पासून त्या भागातील 22 गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि येणारी-जाणारी माणसे नोंदवली जाऊ लागली. मृत्यू झाला तर घरच्यांना विचारून कारण लिहिले जाते. कारखाने आल्यावर कोण आले, कोण गेले, कशाने गेले, हे त्यामुळे कळते. ज्याची नोंद नाही त्याच्या मरणाचा हिशेब कोण विचारणार?

आणखी एक खिडकी आपण विसरतो. कामगारांच्या आरोग्यविम्याचा अडारकर अहवाल 1944 साली आला तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. 1948 साली ईएसआयचा कायदा झाला. ईएसआयमध्ये नोंद असलेल्या आजारी कामगाराला वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात, नोकरी आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, पुढे दोन वर्षांपर्यंत 80 टक्के मिळते. आमच्या या भावाच्या पगारपत्रकावर ईएसआयचा क्रमांक होता, पण त्याचा उपयोग कोणी सांगितला नव्हता. दोन वह्या दोन कपाटांत राहिल्या की माणूस मधल्या फटीत पडतो.

म्हणून संगणक आला की सारे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. 2021 साली महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी ताईंनी सरकारी फोन परत केले. फोन निकृष्ट होते आणि पोषणाची नोंद इंग्रजीत करावी लागत होती. जी माणसे नोंद करतात त्यांना वाचता येत नसेल, तर ती नोंद कोणाच्या कामाची? दुसरी गोष्ट अब्रूची. आजाराची माहिती घरमालकाच्या किंवा ठेकेदाराच्या कानी गेली तर खोली जाते, कामही जाते. तेव्हा आपली माहिती कोण पाहणार हे विचारण्याचा हक्क रोग्याला असलाच पाहिजे. आणि किती गोळ्या वाटल्या एवढ्यावरच यश मोजू नये. किती घरांत पैसे पोहोचले, किती जणांचे वजन वाढले, किती जण कामावर परतले, हे मोजावे.

आपण काय करावे? घरात दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका तपासून घ्या. नि-क्षय क्रमांक वहीत लिहून ठेवा. पैसे आले नाहीत तर 1800-11-6666 या विनामूल्य क्रमांकावर विचारा. पगारपत्रकावरचा ईएसआय क्रमांक पाहा. सप्टेंबर 2022 पासून 'नि-क्षय मित्र' होऊन संमती दिलेल्या रोग्यास धान्य देता येते. विहारातील महिला मंडळाने एक घर उचलले तरी पुष्कळ झाले.

परवा त्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. दर महिन्याच्या पानावर पेन्सिलीने वजन लिहिले होते: 43, 45, 48. त्या म्हणाल्या, "आता मीच लिहिते. त्यांच्या संगणकात चुकलं तर माझ्याकडे आहे."